गेट ड्राईव्ह बघितल्याशिवाय नवं मॉड्यूल बसवू नका राव

कुपवाड एमआयडीसी म्हणा, मिरज म्हणा, नाहीतर तासगावकडची बेदाण्याची युनिटं म्हणा, ड्राईव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर) बंद पडला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "आयजीबीटी उडालाय, नवीन टाकून द्या, किती होतील?" आयजीबीटी म्हणजे मोठा करंट झटपट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, आणि बहुतेक वेळा तो उडालेला असतोय पण, त्यात काय वाद नाही, मल्टिमीटर लावला की तिन्ही पायांत बीप. पण तो उडाला कशामुळं हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतंय, आणि खरं सांगायचं तर विचारणारा मेकॅनिकपण क्वचितच. मॉड्यूल, म्हणजे आयजीबीटी बसवलेला ठोकळा, बदलायचं, पेस्ट लावायची, स्क्रू आवळायचे, बटण दाबायचं आणि दोन पावलं मागं सरकून उभं राहायचं. चाललं तर चाललं, फुटलं तर "माल डुप्लिकेट होता".

माझं म्हणणं एवढंच की आयजीबीटी असो नाहीतर त्याचाच भाऊबंद मॉसफेट, तो बिचारा सांगकाम्या आहे. त्याला चालू हो, बंद हो सांगणारं जे छोटंसं सर्किट गेटला, म्हणजे हुकूम घ्यायच्या पायाला, जोडलेलं असतंय, दोन-चार रेझिस्टर, एक ऑप्टो (उजेडातून सिग्नल पोचवणारा आयसी), एखादा झेनर (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर अडवणारा डायोड), दोन कॅपॅसिटर, तिथं बिघाड असेल तर तुम्ही कितीही भारी कंपनीचं मॉड्यूल घाला, ते जाणारच. त्या सर्किटकडं, म्हणजे गेट ड्राईव्हकडं, कुणी बघत नाही कारण ते जळलेलं दिसत नाही. मॉड्यूल फुटलेलं दिसतंय, काळं पडलेलं दिसतंय, म्हणून सगळा दोष त्याच्यावर.

गेटपासूनच सुरू करतो. डिप्लोमाला शिकवतात की मॉसफेटचं गेट इन्सुलेटेड असतं, व्होल्टेजवर चालतं, करंट लागत नाही, आणि पोरं तेवढंच धरून बसतात. गेट एका व्होल्टेजला स्थिर असताना करंट लागत नाही हे खरंय. पण गेट म्हणजे आतून एक कॅपॅसिटरच, आणि चालू-बंद करायचं म्हणजे तो दर वेळी भरायचा आणि दर वेळी रिकामा करायचा. घरच्या इन्व्हर्टरमध्ये जिकडं तिकडं दिसणारा आयआरएफ३२०५ घ्या, त्याच्या डेटाशीटमध्ये टोटल गेट चार्ज जास्तीत जास्त १४६ नॅनोकूलॉम दिलाय. हा चार्ज मायक्रोकंट्रोलरच्या पायानं २० मिलिअँपिअरनं भरायला घेतला तर सात मायक्रोसेकंद जातात, आणि गेट हलवायला २ अँपिअर देणारा वेगळा ड्रायव्हर आयसी असला तर तेच काम ७३ नॅनोसेकंदात होतंय. आता २० किलोहर्ट्झला स्विचिंग चाललंय असं धरा, म्हणजे पूर्ण एक सायकल ५० मायक्रोसेकंदांची, त्यातले सात चालू होण्यात आणि सात बंद होण्यात गेले तर काम करायला राहिलं काय?

आणि त्या मधल्या वेळात काय होतंय ते जास्त महत्त्वाचं. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असला की करंट असतो पण त्याच्या अंगावर व्होल्टेज दोन-एक व्होल्टच असतंय, पूर्ण बंद असला की व्होल्टेज असतंय पण करंट नसतो. अधेमधे असला की दोन्ही एकदम. ६०० व्होल्ट आणि ५० अँपिअर, गुणाकार करा, ३० किलोवॅट, बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनमध्ये. उसाची डबल ट्रॉली लावून हाफ क्लचवर ट्रॅक्टर चढाला ओढला की क्लच प्लेटचं जे होतंय तेच इथं. काही नॅनोसेकंदांपुरतं असेल तर तो सहन करतो, त्याला बनवलंयच तसं. पण ड्रायव्हर दमलेला असेल आणि हा मधला काळ लांबला तर हीटसिंक कितीही मोठा लावा, उपयोग शून्य.

दुसरा घोळ व्होल्टेजचा. थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट असं डेटाशीटमध्ये वाचलं की पोरांना वाटतं ५ व्होल्टला काम झालं. थ्रेशोल्ड म्हणजे नुसती सुरुवात हो, तिथं अगदी मायक्रोअँपिअरमध्ये करंट वाहायला लागतो. त्याच आयआरएफ३२०५ चा चालू असतानाच्या रेझिस्टन्सचा ८ मिलिओहम हा आकडा गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे, आणि आयजीबीटीला तर १५ व्होल्ट द्यायचे ही सगळीकडची रीत. वर २० व्होल्टची मर्यादा, त्याच्या पुढं गेलात की गेटखालचा ऑक्साईडचा पातळ थर फुटतो आणि तो परत कधी जुळत नाही. म्हणून गेट आणि एमिटर (करंट बाहेर पडायचा पाय) यांच्यामध्ये १८ व्होल्टच्या आसपासचा झेनर आणि एक १० किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतोय. तो १० के मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ड्रायव्हरचा सप्लाय नसताना किंवा गेटची वायर निघाल्यावर गेट लोंबकळत राहिलं तर कुठूनतरी चार्ज जमा होऊन आयजीबीटी आपोआप अर्धवट चालू होतोय, आणि डीसी बसवर (ड्राईव्हच्या आतल्या डीसी सप्लायवर) ६०० व्होल्ट उभे असतील तर मग दिवाळीच.

आता थोडं मिलर इफेक्टबद्दल, हे जरा किचकट आहे पण याच्याशिवाय अर्धे फॉल्ट समजत नाहीत. गेट आणि कलेक्टर (करंट आत यायचा पाय) यांच्या मध्ये पण एक छोटा कॅपॅसिटर असतोय, बाहेरून कुणी लावलेला नाही, चिपमध्येच आहे. आयजीबीटी चालू होताना गेटचं व्होल्टेज वर चढत जातं आणि मध्येच एका ठिकाणी अडतं, ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) सपाट पायरी दिसते, कारण त्या वेळी ड्रायव्हरचा सगळा करंट हा मधला कॅपॅसिटर खात असतो आणि तिकडं कलेक्टरचं व्होल्टेज खाली येत असतं. ती पायरी जेवढी लांब तेवढी उष्णता जास्त. ड्रायव्हर किती ताकदीचा हवा हे खरं म्हणजे ही पायरी ठरवते.

याच मिलरची दुसरी बाजू जास्त घातक. एका फेजला वर एक आणि खाली एक असे दोन आयजीबीटी असतात. वरचा चालू झाला की खालच्याच्या कलेक्टरवर व्होल्टेज एकदम उसळतं, समजा एका नॅनोसेकंदाला ५ व्होल्ट या वेगानं, आणि मधला कॅपॅसिटर १०० पिकोफॅरडचा असेल तर त्यातून अर्धा अँपिअर करंट खालच्याच्या गेटकडं येतो. गेटला १० ओहमचा रेझिस्टर असेल तर झाले तिथं ५ व्होल्ट. म्हणजे ज्याला आपण बंद हो सांगितलंय तो न सांगता चालू झाला, वरचा चालू, खालचा पण चालू, डीसी बस डायरेक्ट शॉर्ट. म्हणून बंद ठेवताना नुसतं शून्य न देता मायनस ८-९ व्होल्ट देतात, म्हणजे ५ व्होल्ट उसळले तरी गेट मायनसमध्येच राहतं. नव्या ड्रायव्हर आयसीत मिलर क्लॅम्प म्हणून वेगळा पाय असतो, आयजीबीटी बंद असताना तो गेटला सरळ एमिटरकडं दाबून धरतो.

याच कारणानं गेटच्या वायरी आखूड पाहिजेत आणि गेट-एमिटरची जोडी पिळलेली पाहिजे. माझ्याकडं एक ड्राईव्ह आला होता, आधी कुठंतरी दुरुस्त झालेला, त्यात कुणीतरी बोर्ड काढायला सोपा जावा म्हणून गेटच्या वायरी वीतभर वाढवून मोकळ्या सोडल्या होत्या, आणि त्या पण मोटरच्या आउटपुट बसबारला चिकटून. काम इतकं स्वच्छ, स्लीव्ह घातलेली, टाय मारलेले, बघूनच बरं वाटावं. नो लोडला ड्राईव्ह गुपचूप चालायचा, लोड आला की ट्रिप.

गेट रेझिस्टरबद्दल लोकांचे दोन तट. एक म्हणतात कमी ठेवा, स्विचिंग फास्ट, गरम कमी. दुसरे म्हणतात जास्त ठेवा, सेफ. दोघं अर्धे बरोबर. फार कमी केला तर करंट इतक्या झटक्यात तुटतो की बसबारच्या वायरीतल्या थोड्याशा इंडक्टन्समुळं व्होल्टेज उडी मारतं, गेटवर रिंगिंग (व्होल्टेजची थरथर) येतं, शेजारच्या सेन्सरच्या केबलमध्ये गोंगाट शिरतो. फार वाढवला तर वर सांगितलेला हाफ क्लच. कंपनीनं जो घातलाय तोच घाला, मनानं बदलू नका. आणि बऱ्याच बोर्डांवर चालू करायला एक आणि बंद करायला दुसरा असे दोन रेझिस्टर डायोड लावून वेगळे केलेले असतात, तिथं घाईत अदलाबदल झालेली मी बघितलीय.

वरच्या आयजीबीटीचा एक वेगळाच त्रास. त्याचा एमिटर जमिनीला नसतो, तो मोटरच्या फेजला असतो, म्हणजे कधी शून्यावर तर कधी ५८७ व्होल्टवर (४१५ चा पीक काढा, तेवढाच येतो), आणि गेटला तर एमिटरपेक्षा १५ व्होल्ट जास्त पाहिजेत. मग त्याला स्वतःचा वेगळा, हवेत तरंगणारा सप्लाय लागतो. मोठ्या ड्राईव्हमध्ये एका छोट्या एसएमपीएस ट्रान्सफॉर्मरवर चार वेगळ्या वाइंडिंग असतात, तीन वरच्यांना आणि एक खालच्या तिघांना मिळून, आणि सिग्नल ऑप्टोमधून जातो, टीएलपी२५० किंवा एचसीपीएल-३१२० हे आपल्याकडं जास्त दिसणारे. लहान कामाला आयआर२११० सारखा आयसी असतो, त्यात बूटस्ट्रॅप, म्हणजे खालचा चालू असताना एक डायोड वरच्यासाठीचा कॅपॅसिटर भरून ठेवतो आणि वरचा त्या साठ्यावर चालतो. स्वस्त आणि मस्त, पण खालचा अधूनमधून चालू झालाच पाहिजे, नाहीतर साठा संपला. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पोरं वरचा सतत चालू ठेवायला बघतात आणि मग आयसी खराब आहे म्हणून तीन-चार बदलतात.

आता प्रोटेक्शन. चांगला ड्रायव्हर नुसता हुकूम पोचवत नाही, तो आयजीबीटीवर नजर पण ठेवतो. त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे अंडर व्होल्टेज लॉकआउट. ड्रायव्हरचा स्वतःचा सप्लाय ठरलेल्या पातळीच्या खाली गेला, एचसीपीएल-३१२० मध्ये ही पातळी साधारण ११-१२ व्होल्टच्या आसपास आहे, की तो गेट देणंच बंद करतो. अर्धवट चालू करण्यापेक्षा नकोच.

खरी कमाल डीसॅटची, म्हणजे चालू असूनही आयजीबीटीवरचं व्होल्टेज चढलं की ते ओळखायच्या सोयीची. शॉर्ट झाल्यावर आयजीबीटीमधून रेटिंगच्या चार-पाच पट करंट जातो, तिथं तो स्वतःच करंट अडवायला लागतो आणि त्याच्या अंगावरचं व्होल्टेज दोनवरून सरळ बस व्होल्टेजकडं चढतं. इंडस्ट्रीतले बरेच आयजीबीटी ही अवस्था १० मायक्रोसेकंद झेलतात, नवीन पिढीतले काही त्याहून कमी. फ्यूज, एमसीबी, एमपीसीबी यांचा इथं काही संबंधच नाही, ते जागे व्हायच्या आत सगळं आटोपलेलं असतंय. ड्रायव्हरचा एक पाय एका फास्ट हाय व्होल्टेज डायोडमधून कलेक्टरला जोडलेला असतो. आयजीबीटी नीट चालू आहे तोवर डायोड तो पाय खाली ओढून धरतो. कलेक्टर वर गेला की डायोड सुटतो, आणि आयसीतला २५० मायक्रोअँपिअरचा सोर्स १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर भरायला लागतो, ७ व्होल्टला पोचला की फॉल्ट. एचसीपीएल-३१६जे या डीसॅटवाल्या ड्रायव्हरचं हे गणित, २.८ मायक्रोसेकंद होतात. एवढं थांबायचं कारण म्हणजे चालू होताना कलेक्टर खाली यायलाच थोडा वेळ लागतो, तेवढ्यात त्यानं बोंब मारू नये.

आणि फॉल्ट मिळाल्यावर हा आयसी गेट झटकन बंद करत नाही, हळू करतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उलटंच वाटलं होतं. पण हिशोब करा, ३०० अँपिअर ६० नॅनोसेकंदात तोडले आणि वायरिंगमध्ये १०० नॅनोहेन्री असले तर ५०० व्होल्टची उडी येते, त्यात बसचे ६०० मिळवा, ११०० झाले, आणि आयजीबीटी १२०० चा. शॉर्टमधून वाचवलं आणि बंद करताना मारलं असं होतंय. म्हणून सॉफ्ट टर्न ऑफ.

मध्येच सांगतो, हा आयजीबीटी घडवणारा माणूस आपल्याकडचाच, मद्रासला जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८० च्या सुमाराला त्यांनी हे काम केलं, २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राईझ मिळाला. गावोगावच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरपासून इंडक्शन शेगडीपर्यंत त्यांचा माल चालतोय, पण नाव कुणाला माहिती नाही.

आता एक काम जरा सविस्तर सांगतो. तासगावच्या बाजूचं बेदाणा युनिट, १५ एचपीचा ड्राईव्ह, यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजपैकी यू फेजचा वरचा आयजीबीटी गेलेला. आधी दुसरीकडं मॉड्यूल बदललेलं, थोड्या दिवसांत परत तोच फेज, तोच वरचा. मालक तात्या वैतागलेले, "अहो दादा, मॉड्यूल नवं कोरं होतं की, पक्कं बिल आहे माझ्याकडं." म्हटलं तात्या, बिल खरं असणार, मॉड्यूल पण खरं असणार, मला आधी बोर्ड बघू द्या.

मॉड्यूल काढलं, बोर्ड टेबलावर घेतला, बेंच सप्लायवरून जागा केला. स्टॉपला सहाही गेटवर मायनस ९ व्होल्ट, एकदम सारखे. रन दिला, मल्टिमीटरवर सहाही ठिकाणी साधारण ३ व्होल्ट, प्लस १५ आणि मायनस ९ ची सरासरी, बरोबर. इथं बहुतेक लोक बोर्ड ओके म्हणून सोडतात. पण मॉड्यूल काढलेलं असताना ड्रायव्हरवर ओझंच नसतंय ना, रिकाम्या गेटवर कुणीही १५ व्होल्ट दाखवेल. मग सहाही गेट-एमिटरमध्ये १०-१० नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर लावले, खऱ्या गेटच्या जागी, आणि स्कोप घेतला. पाच ठिकाणी सरळ उभी कड, १५ व्होल्ट. यू च्या वरच्यावर कड तिरकी, आणि वर जाऊन १० व्होल्टलाच टेकलेली. त्या सप्लायवर स्कोप लावला तर प्रत्येक पल्सला खड्डा.

हीटसिंकला लागूनच बसलेला ४७ मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक. वरून फुगलेला नाही, गळलेला नाही, दिसायला नवा. काढून ईएसआर मीटरवर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मोजणाऱ्या) ठेवला तर गेलेला, आतून वाळलेला. तापमान १० डिग्रीनं वाढलं की इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य साधारण अर्धं होतं, आणि डिझाईन करणाऱ्यानं नेमका हाच हीटसिंकला चिकटवलेला. या बोर्डावरच्या ऑप्टोला अंडर व्होल्टेजची सोय नव्हती, म्हणून तो बापडा १० व्होल्टवर पण इमानेइतबारे गेट देत राहिला आणि वरचा आयजीबीटी भाजत राहिला. एका ड्राईव्हमध्ये एक कॅपॅसिटर वाळला असेल तर बाकीचे रांगेत उभेच असतात, म्हणून चारही सप्लायचे सगळे बदलले, १०५ डिग्रीवाले. यू चा ऑप्टो आणि झेनर पण बदलला. आयजीबीटी फुटताना कलेक्टरचं व्होल्टेज गेटमधून मागं ड्रायव्हरमध्ये घुसतं, त्यामुळं त्या चॅनेलचा ऑप्टो, गेट रेझिस्टर आणि झेनर यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही, मीटरवर चांगले दाखवले तरी.

बोर्ड असा टेबलावर तपासताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डीसॅटवाला ड्रायव्हर असेल तर मॉड्यूल नसताना तो लगेच फॉल्ट दाखवणार, कारण कलेक्टरकडची बाजू मोकळी आहे, तेवढ्यापुरतं त्या डायोडचं कलेक्टरकडचं टोक त्याच चॅनेलच्या एमिटरला शॉर्ट करा आणि काम झाल्यावर आठवणीनं काढा. आणि बस चालू असताना वरच्या गेटवर साध्या प्रोबचा ग्राउंड क्लिप लावायचा नाही म्हणजे नाही, डिफरन्शियल प्रोब (ग्राउंडला न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजणारा) नसेल तर ते माप घेऊच नका. स्कोप तर जाईलच, तुम्ही पण जाल.

सगळं जुळल्यावर पहिला पॉवर सिरीज बल्बमधून. १०० वॉटचे साधे पिवळे बल्ब हल्ली दुकानात शोधावे लागतात पण दोन जपून ठेवा, २३० चा बल्ब असल्यामुळं थ्री फेजला दोन सिरीजमध्ये लागतात. चालू करताना उजळून विझले की बस चार्ज झाली, ठीक. उजळलेले राहिले तर कुठंतरी शॉर्ट आहे, मॉड्यूल वाचलं समजा. मग लहान मोटर लावून तिन्ही फेजचे करंट क्लॅम्पनं बघायचे, सारखे आले पाहिजेत, आणि त्यानंतरच जागेवर नेऊन लोड द्यायचा. तात्यांचा ड्राईव्ह असाच बसवून आलो.

इंडक्शन शेगडीवाल्यांनी पण हेच धरून चाला, फक्त तिथं ऑप्टो नसतो, बहुतेक ८०५० आणि ८५५० या ट्रान्झिस्टरची जोडी गेट हलवते आणि सप्लाय १८ व्होल्टच्या आसपास असतो. आयजीबीटी गेला की ही जोडी आणि गेटचा झेनर बदलूनच नवा घाला, काही रुपयांची गोष्ट आहे.

लहान ड्राईव्हमध्ये, दोन-तीन एचपीपर्यंत, ड्रायव्हर आणि आयजीबीटी एकाच डब्यात असलेलं आयपीएम असतं, तिथं आत हात घालायला जागाच नाही. पण त्याचा १५ व्होल्टचा सप्लाय स्कोपवर बघता येतो, फॉल्टचा पाय खाली ओढला जातोय का ते बघता येतं, आणि तीन बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर बाहेर बोर्डावरच असतात. मॉड्यूल बदलताय तर ते तिन्ही पण बदला, चांगल्या कंपनीचे, आणि जुन्याच जागी पायाला चिकटून बसवा.